शिमेवरचा घोडेस्वार : वाचकांच्या नोंदी

१५ जून, डिचोली

पाऊस परवापासून लागून आहे, वीज तीनदा गेली, तरी आमच्या चित्रकथेचा चौथा भाग रात्री अकराला चढवला. मी लिहितो, भाचा फोंड्याला बसून चित्रं काढतो. पंधरा दिवसांनी एक भाग, उभा, फोनवर अंगठ्याने खाली सरकवत वाचायचा.

गोष्ट अशी : अमेरिकेतल्या नेवाडातला डोंगर, साल १८८६. चांदीची खाण बंद पडलेली, अर्धं गाव उठून गेलेलं. खानावळ चालवणारी एक कॉर्निश, म्हणजे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची, विधवा मागे राहिली आहे. तिचा नवरा १८६९ च्या एप्रिलमध्ये यलो जॅकेट खाणीच्या आगीत गेला. (ती आग खरी. किमान ३५ माणसं गेली.) आणि रोज रात्री गावाच्या हद्दीवर एक घोडेस्वार येऊन उभा राहतो. त्याला तोंड नाही. टोपी काढतो, थांबतो, जातो. गावाला आम्ही नाव दिलेलं नाही.

आजपासून ही वही वाचकांसाठी. ‘छान’, ‘मस्त’, वर केलेला अंगठा, फुलं, हे वहीत घ्यायचं नाही. कोण कुठे थांबलं, नको तिथे कुणाला हसू आलं, कुणी काय विचारलं, तेवढंच लिहायचं.

१७ जून

केस कापायला गेलो. आमचा न्हावी आमचा पहिला वाचक, कारण गिर्‍हाईक नसलं की त्याला दुसरं काम नाही. एका हाताला दाढीचा फेस, दुसर्‍या हाताचा अंगठा पडद्यावर. अंगठा तिसर्‍या चौकटीवर थांबला, वर गेला, परत खाली आला. मला वाटलं, घोडेस्वार दिसला.

“एक विचारूं? ह्या गांवचे लोक रातीं इकरांक सलूनांत कित्याक वतात?”

खुर्चीतला माणूस गालाला वस्तरा लागलेला असताना हसला, म्हणजे प्रसंग गंभीरच. चार भाग झाले, चारही भागांत माणसं ‘सलून’मध्ये बसून पत्ते खेळतात, भांडतात, गोळ्या झाडतात, आणि मला एकदाही सुचलं नाही की आपल्याकडे सलूनमध्ये फक्त दाढी होते. न्हाव्याची शंका रास्त आहे. त्याच्याकडे रात्री अकराला कुणी पिस्तूल घेऊन आलं तर तो काय करेल?

१८ जून

भाच्याशी फोनवर तासभर. ‘गुत्ता’ घालू म्हटलं, तर तो म्हणे गुत्ता म्हटलं की घाटावरचं गाव दिसतं. ‘बार’ म्हटलं की कळंगूट दिसतं. शेवटी ‘तावेर्न’ ठरलं. माझी हरकत होती की हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द नेवाडात कसा बोलणार. मग लक्षात आलं, काउबॉयचा निम्मा शब्दसंग्रह स्पॅनिशच आहे. रँच, रोडिओ, फासाच्या दोराला लॅरिएट म्हणजे मूळचं ‘ला रेआता’, आणि बकरू म्हणजे ‘वाकेरो’ तोंडात घोळून झालेला. गुरं राखायची ती सगळी विद्याच मेक्सिकन वाकेरोंकडून उत्तरेला गेली. मग आमचं तावेर्न त्यांना जड होणार नाही.

पहिल्या चार भागांतले फुगे बदलायचे : एकूण २३. भाच्याने शिव्या घातल्या.

२२ जून

वाचनालयातल्या मास्तरांना छापील प्रती दिल्या. फोनवर ते वाचत नाहीत. त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक ‘ल’ आणि ‘श’भोवती गोल करून परत पाठवल्या. “अक्षर हिंदी वळणाचं आहे. भूत अमेरिकन असूं दे, ल मराठी ठेव.”

फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडायची राहून गेली होती. ती निवडली की फॉन्ट बरा असेल तर ल, श आपोआप आपल्या वळणावर येतात. चार भाग झाले तरी हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ‘र्‍य’मधला आडवा र मात्र नीट आहे, त्याबद्दल मास्तरांनी समासात एक बरोबरची खूण केली आहे. ती मी जपून ठेवली.

२९ जून

पाचवा भाग. यात घोडा पहिल्यांदा भरधाव पळतो.

मास्तरांचा निरोप : घोडा चुकला. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, असा घोडा हवेत कधीच नसतो. मी म्हटलं, जुन्या सगळ्या चित्रांत असाच असतो. “म्हणून तर चुकला. तुझ्याच गोष्टीच्या काळातली गोष्ट आहे, तुला ठाऊक हवी.”

खरंच ठाऊक हवी होती. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोडीसमोर ओळीने बारा कॅमेरे लावले. घोड्याचे चारही खूर एका क्षणी जमीन सोडतात हे त्यात दिसलं, आणि ते सोडतात तेव्हा पाय ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. खर्च उचलणारा लीलंड स्टॅनफर्ड रेल्वेवाला होता. म्हणजे आमच्या घोडेस्वाराच्या आठ वर्षं आधी, शेजारच्याच राज्यात, हा प्रश्न सुटलेला होता. फक्त चित्रकारांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाच्याला मी.

भाच्याचं म्हणणं, त्याने घोडा कुठे जवळून पाहिलाय? लहानपणी शिगम्यात घोडेमोडणी पाहिली तेवढीच. त्या घोड्यांना पाय नसतात. कमरेला बांबूचा नि लाकडाचा घोडा, खाली नाचणार्‍याचेच पाय, पायांत घुंगरं. हे तो वैतागून म्हणाला, पण मी वहीत वेगळं लिहून ठेवतो : स्वार आणि घोडा यांचे पाय एकच. भुताला हे शोभेल.

६ जुलै

निवृत्त पोलीस, न्हाव्याकडचेच गिर्‍हाईक. पाचव्या भागात शेरीफने सात गोळ्या झाडल्या, मोजून. रिव्हॉल्व्हर सहाचं. कबूल.

शोधायला बसलो तेव्हा कळलं की सहासुद्धा जास्तच. १८७३ चं कोल्ट बाळगणारे शहाणे लोक पाचच गोळ्या भरत आणि पिस्तुलाचा घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवत, नाहीतर पिस्तूल पडलं की गोळी आपल्याच पायात. प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे, तेही आम्ही काढलं नव्हतं. सहावं घर रिकामं असतं हे हाती लागल्यावर मात्र रात्रभर झोप नाही. भुतावर झाडायची गोळी कुठली, याचं उत्तर मी दोन महिने शोधत होतो.

१३ जुलै, फोंडा

हे सविस्तर लिहायला हवं.

भाच्याकडे गेलो होतो. खालच्या मजल्यावर काकी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना नात वाचून दाखवते. वाचून म्हणजे चित्रात काय आहे ते सांगते आणि फुग्यातलं मराठी तिथल्या तिथे कोंकणी करते. आपली गोष्ट दुसर्‍याच्या तोंडून, अशी भाषांतर होत होत ऐकणं हा एक वेगळाच मार आहे. दोन पानभर वर्णनाच्या चौकटी नातीने “रात जाल्या” एवढ्यात संपवल्या. काहीच बिघडलं नाही.

सहावा भाग चालू होता. घोडेस्वार हद्दीवर येतो, टोपी काढतो. शेरीफ घाबरून बंदूक रोखतो. या चौकटीसाठी भाच्याने चार दिवस घातले होते, सगळी भीती त्यात भरलेली. काकींनी वाती वळायचं काम न थांबवता विचारलं,

“ताका कितें दितात?”

नातीला कळलं नाही. मलाही लगेच नाही.

“रोज येता न्हय तो? शिमेर उबो रावता. आत येना. टोपी काडटा. मागीर ताका कितें दितात? रोट? सोरो?”

मी म्हटलं, काकी, तो राखणदार नव्हे, तो भूत आहे. लोक त्याला भितात.

“भितलेच. दिना जाल्यार भितलेच.”

आम्ही सहा भाग लिहिले ते एका धमकीबद्दल. तोंड नसलेला माणूस, काळोख, घोड्याच्या नाकातून वाफ. आणि काकींना पहिल्या ऐकण्यात दिसला तो आमच्या प्रत्येक गावच्या शिमेवर आहे तोच देवचार : हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री गावाभोवती फेरी. त्याला ठरल्या दिवशी रोट, सोरो म्हणजे दारू, विडी ठेवायची, गार्‍हाणं घालायचं. हे चुकलं तर तो वाट चुकवतो. त्यांच्या लेखी त्या नेवाडातल्या गावाचा भुताशी झगडा नाहीच, गावाने एक देणं थकवलंय, बस. शेरीफ बंदूक रोखतो हे त्यांना भीतिदायक वाटलं नाही, अडाणीपणाचं वाटलं.

परत येताना बसमध्ये मला कॉर्निश लोकांचं आठवलं. नायिका कॉर्निश करताना हे वाचलं होतं आणि एका ओळीत संपवलं होतं. कॉर्नवॉलचे खाणकामगार अमेरिकेत गेले तेव्हा टॉमीनॉकर बरोबर घेऊन गेले. खाणीच्या भिंतीत ठकठक करणारी बुटकी माणसं. कुणी म्हणे ती खोड्या काढतात, कुणी म्हणे दरड कोसळायच्या आधी सावध करतात. त्यांच्यासाठी आपल्या पेस्टीचा, म्हणजे सारण भरलेल्या पोळीचा, कडेचा तुकडा खाणीत टाकून ठेवायचा. म्हणजे देणं आमच्याच कथेत पहिल्यापासून होतं. खानावळवाली रोज पेस्टी भाजते, दुसर्‍या भागात भाजते, चौथ्यात भाजते. फक्त तिने ती कुणासाठी ठेवली नाही, कारण मी तिला ठेवू दिली नाही.

१४ जुलै

भाच्याला सांगितलं. तो : “मामा, म्हणजे सहा भाग परत?” नाही. मागचं काही बदलायचं नाही. सातव्यात ती तुकडा ठेवते.

२० जुलै, मये

ट्रकवाल्याला भेटलो. २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा याच्या दारात दोन ट्रक उभे होते. कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि ट्रक दारातच राहिले. एक नंतर भंगारात गेला, दुसर्‍याच्या टपावर दुधी चढलाय.

याने सहा भाग एका बैठकीत वाचले, तेही मी समोर बसलेलो असताना. मी अंगठा बघत होतो. घोडेस्वारापाशी थांबला नाही. गोळीबारापाशी नाही. दुसर्‍या भागात एक बारकी चौकट आहे, भाच्याने जागा भरायला काढलेली : बंद दुकान, दारावर पाटी, पायरीवर एक कुत्रा. तिथे अंगठा थांबला. बराच वेळ.

“हें सामकें बरोबर,” म्हणाला. “कुत्रो रावता. धनी वता.”

मग खाणीची चौकशी. आमची खाण उघडी, आभाळ दिसणारी, टप्प्याटप्प्याने खाली जाणारी, पावसात तळं होणारी. चित्रातली उंदराच्या बिळासारखी कशी? सांगितलं : नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या चांदीसाठी ते जवळजवळ ३,००० फूट खाली गेले होते. आत कढत पाणी लागायचं, उष्मा इतका की माणसं थोडा वेळ काम करून वर येत आणि त्यांना बर्फ पुरवावा लागे. दगड मऊ, दरड कोसळणारी, म्हणून लाकडाच्या चौकोनी चौकटी एकीवर एक रचत जाण्याची युक्ती १८६० मध्ये निघाली आणि डोंगरांवरची जंगलं त्या चौकटींत गेली. तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी एकच प्रश्न :

“जमीन कोणाची आशिल्ली?”

म्हणालो, सरकारची. मग कंपन्यांची.

“ते न्हय. पयलीं.”

पहिली जमीन तिथल्या मूळच्या पायूट लोकांची. १८५९ मध्ये कॉमस्टॉकला चांदी सापडली, आणि १८६० मध्ये पिरॅमिड लेकला त्यांची आणि आलेल्या गोर्‍यांची लढाई झाली. हे मला माहीत होतं. गोष्टीत नव्हतं.

“जाल्यार तुमचो घोडेकार भायलो. शिमेचो राखणदार तो कसो जातलो?”

भायलो म्हणजे बाहेरचा. चहा थंड झाला. मला उत्तर देता आलं नाही.

२७ जुलै

सातवा भाग गेला. तुकडा ठेवला. काकींचा निरोप : “आतां बरें.” कॉलेजातल्या चौघांनी मात्र कळवलं की भूत गोड होत चाललंय, भीती गेली, आता वाचावंसं वाटत नाही. तेही वहीत. ते चुकीचं म्हणतात असं मला वाटत नाही.

३ ऑगस्ट

काही नाही. भाच्याचा संगणक बंद.

१० ऑगस्ट

संगणक सुरू. पाणी शिरलं होतं म्हणे. पाणी कसं शिरलं ते विचारलं नाही.

ट्रकवाल्याच्या प्रश्नावर आम्हां दोघांत तीन दिवस वाद. भाचा म्हणाला, मग पायूटांचा देव काढू, तो खरा राखणदार. मी नाही म्हटलं. सातासमुद्रापलीकडे जिवंत असलेल्या लोकांच्या देवाला, केवळ आमच्या कथेत एक भोक पडलंय म्हणून बोलावून आणायचं, हे मला पटत नाही. आमच्या देवचाराला कुणी टोपी घालून घोड्यावर बसवला तर आम्हांला कसं वाटेल? (भाचा : “आम्ही तेच तर करतोय.” याला माझ्याकडे उत्तर होतं, पण आता आठवत नाही.)

४ सप्टेंबर

चवथ आटोपली. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, उतरवताना सुचलं ते लिहून ठेवतो.

घोडेस्वार राखणदार नाहीच. तोही आलेलाच माणूस, खाणीच्या नादाने आलेला आणि मेलेला. तो हद्दीवर थांबतो ते गावाची राखण करायला नाही. पलीकडे जायची त्याला परवानगी नाही. टोपी तो गावासाठी काढत नाही, गावाकडे त्याची पाठ आहे. सातही भागांत आम्ही त्याला गावातून पाहिलं आणि तोंड दिसलं नाही. तोंड नाही म्हणून दिसलं नाही असं समजत होतो. तो पाठमोरा होता.

फोंड्याला फोन केला. भाच्याने मागचे भाग उघडून पाहिले. खरंच, एका चौकटीचा अपवाद सोडला तर चालून जातं. रात्रीची चित्रं, टोपी, कोटाची कॉलर. ती एक चौकट बदलायची.

कॉलेजातल्या चौघांची भीती यात परत येते की नाही बघायचं. मला स्वतःला हे तोंड नसलेल्या भुतापेक्षा जास्त भिववतं.

१४ सप्टेंबर

आठव्या भागात तारेचं कुंपण आलं. काटेरी तारेचं पेटंट ग्लिडनने १८७४ मध्ये घेतलं, १८८६ पर्यंत ती पश्चिमेत सगळीकडे पोचली होती. काकी : “वंय घाली जाल्यार तो फिरतलो खंयच्यान?” कुंपण ही शीम नव्हे, हे त्यांनी मला न शिकवता शिकवलं. कुंपण माणूस घालतो, शीम आधीच असते.

२१ सप्टेंबर

मास्तरांचं पत्र, पोस्टाने, डिचोलीहून डिचोलीला. घोड्याचे पाय आता बरोबर आहेत. स्वाराच्या बुटांबद्दल सूचना : वेंगुर्ला तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, आणि त्या झिजतात असं लोक सांगतात, कारण तो रात्री गावभर फिरतो. आमोण्याचा वेताळ तर आपल्याच तालुक्यातला. “तुझा स्वार सतरा वर्षं रोज येतो आणि त्याच्या बुटांवर चकाकी? हे मी मानणार नाही.”

भाच्याला जसंच्या तसं पाठवलं. त्याचा उलट निरोप : स्वार घोड्यावर असतो, बूट झिजतील कसे? मास्तरांना विचारलं. मास्तर : “मग उतरव त्याला.”

५ ऑक्टोबर

उतरवला. नववा भाग : स्वार हद्दीवर घोड्यावरून उतरतो. बुटांचे तळ झिजून पायाची बोटं दिसतात. कॉर्निश बाई तुकडा ठेवायला आली आहे. या वेळी ती तो त्याच्या पायाशी न ठेवता हद्दीच्या रेषेवर ठेवते, पलीकडच्यांसाठी. शेरीफ मागून पिस्तूल काढतो, घोडा ओढतो, आणि सहाव्या, रिकाम्या घरावर टक आवाज होतो.

निवृत्त पोलिसांनी भाग वाचून पाच गोळ्या मोजल्या आणि मान हलवली. ट्रकवाला काही बोलला नाही, फक्त कुत्रा परत कधी येणार ते विचारलं. कुत्रा दहाव्यात घेतला आहे.

९ ऑक्टोबर

दहाव्याची पहिली चौकट, रेषेपलीकडचा प्रदेश. तिथे काही काढायचं नाही एवढं ठरलंय. भाच्याला ती कोरी पांढरी हवी. मला काळी. रात्री अंथरुणात फोन वाचणार्‍याच्या डोळ्यांत पांढरी चौकट एकदम मारते, पण काळी केली तर लोकांना वाटेल की चित्र उघडलंच नाही, आणि अर्धे लोक पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसतील. काकींची नात म्हणाली, आपण तिथे एक शब्दही सांगणार नाही, नुसती थांबणार.

उद्या दोन्ही घेऊन न्हाव्याकडे जातो.